टेपवरचा संगणक आणि आपला वर्ग



संयोजक म्हणाले, "तू संगणकवाला, संगणकावरच बोल." म्हणून एका जुन्या संगणक घराण्याची गोष्ट सांगतो. काळजी करू नका, जेवणाच्या आत संपवतो.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८० साली 'झेडएक्स ८०' हा घरगुती संगणक शंभर पौंडांच्या आत विकायला काढला. त्याची स्मृती फक्त १ केबी! पुढच्या वर्षी 'झेडएक्स ८१' आला, आणखी स्वस्त. १९८२ मध्ये आला या घराण्याचा लाडका मुलगा, 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. तो रंगीत होता, रबरी बटणांचा होता आणि स्मृती १६ किंवा ४८ केबी. आज सकाळी आपल्या ग्रुपवर आलेला गुलाबाचा फोटोसुद्धा त्यात मावला नसता. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सिंक्लेअर यांनी आपला संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीला विकला.

मी तो पहिल्यांदा पाहिला नाशिकला, डिप्लोमाला असताना, एका मित्राच्या खोलीवर. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवण म्हणजे गाण्यांचा टेपरेकॉर्डर. साधी कॅसेट लावायची, कर्कश किंचाळी सुरू व्हायची आणि चार-पाच मिनिटांनी प्रोग्रॅम चढायचा. 'पी' हे एकच बटण दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटायचा. यंत्र सुरू केल्यावर ते तुमच्या हुकमाची वाट बघत बसायचं. स्वतः दोन ओळी लिहा, तर ते काही करणार. म्हणूनच त्यावर हजारो मुलं प्रोग्रॅम लिहायला शिकली.

पण वीज गेली की सगळं पुसलं जायचं. कॅसेट मागे फिरवा, पुन्हा पहिल्यापासून. जे कॅसेटवर उतरवून ठेवलं असेल तेवढंच वाचायचं.

मित्रांनो, हे बघताना मला आपला वर्ग आठवायचा. नागली-वरीची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की मोखाड्याकडच्या पाड्यांवरची आपली कितीतरी मुलं आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जायची. आगोटीला परत आली की शिकलेलं बरंचसं पुसलेलं असायचं. हुशारी तीच, हात तेच, पण धडा पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन वर्षं असं झालं की मूल शाळेकडे फिरकतच नसे. आज या मांडवात जी माणसं नाहीत, त्यातली बरीच त्या वाटेने गेली. माझ्या बाकावरचा सोबती त्यांतलाच. गणितात तो माझ्या पुढे होता.

आणि जी टिकली, ती कशी टिकली? सर, तुम्ही परतलेल्या मुलांना संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात बसवून राहिलेले धडे घेत होता. बाई, तुम्ही त्यांच्या वह्या कपाटात जपून ठेवत होता. तुम्ही आमचं शिकणं उतरवून ठेवलंत, म्हणून ते वाचलं.

आता आपला जिल्हा पालघर झाला, हातात फोन आले. पण भट्टीवर जाणारी कुटुंबं आजही आहेत. शाळेला संगणक भेट द्यायचं आपण ठरवतोय, ते चांगलंच आहे. माझी विनंती एवढीच, की त्याबरोबर एका शिक्षकाचं मानधनही काढू. पावसाळ्यात परतलेल्या मुलांचे राहिलेले धडे तो रोज दोन तास घेईल. आणि त्या संगणकांवर मुलांना नुसते व्हिडिओ दाखवायचे नाहीत. त्यांनी स्वतः दोन ओळी लिहून यंत्राला कामाला लावायचं.

पहिल्या वर्षाचा माझा वाटा मी आजच संयोजकांकडे देतो. बाकीचा हिशेब जेवताना बोलू.