शिळ्या पाण्यावरची परसबाग

आपल्या माण तालुक्यात टँकरची वाट बघायची वेळ आली की आधी ताटातली भाजी जाते, आणि तीही बहुतेक बाईच्याच ताटातली. म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी परसबाग धरली, पण एका अटीवर: बागेसाठी जादा घागर आणायची नाही.

भांड्यांचं खरकटं पाणी शेवग्याला. शेवगा कंबरेएवढा छाटला की पाला हाताशी येतो. त्याचीही भाजी होते.

बाकी भाजीला माठ. जुना, पण न फुटलेला, रंग न दिलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा. ताजं पाणी आलं की कालचं शिळं आपण ओतून देतो ना? ते त्यात भरायचं. माती सुकेल तसा माठ पाझरतो, ओली असली की हात आखडतो. भोवती गवार, दोडका, वांगी लावा आणि बाजरीचं सरमाड पसरा. तोंडावर झाकणी हवीच, नाहीतर डास होतात. खरकटं पाणी माठात नको, छिद्रं बुजतात. पालकाचा नाद उन्हाळ्यात सोडलेला बरा.

सुरुवात मृगात करा, म्हणजे रोपं पावसावर जीव धरतील. मंगळवारच्या बैठकीत आम्ही एक माठ पुरून दाखवू. घरचं गवारीचं बी असेल तर पदराला बांधून आणा.