लंबक : खुंटीवरचा आणि हातातला



आजचा विषय आहे लंबक. दोरीला वजन बांधायचं, वरचं टोक पक्कं करायचं आणि वजन सोडून द्यायचं, एवढंच हे साधन. पण गेली साडेतीनशे वर्षं माणसाने त्याच्याकडून वेळ मोजून घेतली, पृथ्वीचा आकार काढला, पृथ्वी फिरते हे भर सभेत दाखवलं आणि भूकंप टिपले. याच साधनाला आपल्या आष्ट्याच्या भागात विहिरीची जागाही विचारतात. या सगळ्या वापरांत मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो : दोरीचं वरचं टोक खुंटीला आहे की माणसाच्या हातात?

लंबकाचा नियम तुम्ही सर्वांनी अनुभवला आहे. नागपंचमीला उंच फांदीवर बांधलेला झोका सावकाश जातो, घरातला पाळणा भरभर. मूल जड असो की हलकं, वेळ बदलत नाही. तो ठरतो दोरीच्या लांबीवर. लांबी चौपट केली की एका हेलकाव्याला दुप्पट वेळ लागतो. १६५६ मध्ये हायगेन्सने या गुणावर घड्याळ उभारलं आणि दिवसाला पाव तास चुकणारी घड्याळं काही सेकंदांवर आली. वाड्यातल्या चावीच्या घड्याळात लंबकाखाली छोटी चाकी असते. उन्हाळ्यात लोखंडी दांडी वाढते, घड्याळ मागे पडतं. चाकी वर फिरवली की ते सावरतं.

पण मागे पडण्याचं आणखी एक कारण आहे. १६७२ मध्ये रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळ केयेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्वाकर्षण कमी होतं, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे. तेच घड्याळ आपल्या आष्ट्यात आणलं असतं तर रोज जवळजवळ दोन मिनिटं मागे पडलं असतं.

हिंदुस्थानच्या मोजणीतही टांगलेल्या वजनाने पृथ्वीबद्दल असंच काही सांगितलं. विल्यम लॅम्ब्टनने मद्रासकडून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत होती. १८२३ मध्ये काम करता करताच तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची समाधी तिथेच आहे. काम पुढे त्याचा सहायक एव्हरेस्ट याने नेलं. पण कल्याणपूर आणि कल्याणा या दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं तर एक येई, ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं. ताऱ्यांचे वेध ज्याच्या भरवशावर घ्यायचे तो ओळंबाच हिमालयाकडे ओढला जात होता. १८५५ मध्ये कलकत्त्याचा धर्मगुरू प्रॅट याने हिशेब केला. अंशाचे ३६०० भाग केले तर त्यांतले जवळजवळ १६ भाग फरक पडायला हवा होता. प्रत्यक्षात पडला होता पाचच भागांचा. एवढा प्रचंड पर्वत, आणि त्याची ओढ इतकी कमी! म्हणजे पर्वताखालचा खडक हलका असला पाहिजे. मग १८६५ पासून कॅप्टन बासेवी लंबक घेऊन देशभर गुरुत्वाकर्षण मोजत फिरला आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर, लंबकाचे हेलकावे मोजण्याच्या मोहिमेतच, त्याचा अंत झाला. पृथ्वीच्या पोटात न उतरता तिथल्या खडकाबद्दल बोलता येतं, ते अशा माणसांच्या कष्टामुळे.

आता फूकोचा लंबक. १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथियनमध्ये लेआँ फूकोने ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला. लंबक आपली दिशा सोडत नाही, त्याच्याखाली पृथ्वी वळते आणि बघणाऱ्याला लंबकच वळल्यासारखा दिसतो. या प्रयोगातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की फूकोने गोळा हाताने सोडलाच नाही. तो दोऱ्याने बाजूला बांधून ठेवला आणि दोरा जाळला. हाताचा किंचितही तिरका धक्का लागला असता तर लंबकाने पृथ्वीबरोबर हाताचीही गोष्ट सांगितली असती.

उत्तर ध्रुवावर लंबकाच्या दिशेचा हा पूर्ण फेरा एका दिवसात पुरा होतो, विषुववृत्तावर कधीच होत नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनातल्या लंबकाला जवळजवळ ५० तास लागतात. आष्टा १७ अक्षांशाच्या किंचित खाली, म्हणून इथे सुमारे ८२ तास लागतील. तासाला चार अंशांहून थोडं जास्त. हेलकावा मध्यापासून मीटरभर असेल तर तासाभरात टोक साडेसात सेंटिमीटर सरकलेलं दिसेल. पुण्यात आयुकामध्ये असा लंबक आहे. आपल्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उंच जिना, दहा मीटर तार आणि जड गोळा एवढ्यावर काम भागतं. तो इथे टांगावा आणि शाळांच्या मुलांनी पृथ्वी फिरताना बघावी, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

आता भूकंप. इथून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटरवर कोयनानगर आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली, सुमारे १८० माणसं गेली, १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या. भूकंपमापकाच्या मुळाशीही लंबकच. जमीन आणि तिच्यावरची चौकट हलते, टांगलेलं वजन जडत्वामुळे मागे राहतं, आणि दोघांमधला फरक कागदावर उमटतो. धरणाच्या आतल्या यंत्राने घेतलेली त्या पहाटेची नोंद आजही जगभरचे धरण-अभियंते अभ्यासतात. मोठ्या धरणांच्या पोटात लांबलचक ओळंबेही सोडलेले असतात. भिंत मिलिमीटरभर कलली तरी कळतं. खाली राहणाऱ्या हजारो घरांचा जीव अशा तारांच्या भरवशावर असतो.

हे सगळे लंबक खुंटीवरचे. आता हातातल्याकडे येऊ.

पाणाड्या साखळीला किंवा दोऱ्याला वजन लावून शेतात फिरतो. एका जागी वजन गोल फिरू लागतं आणि तो म्हणतो, इथे मारा बोअर. यातले अनेक जण मनाने सच्चे असतात. आपण हात हलवतोय हे त्यांना खरोखर जाणवत नसतं. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे स्वतःवर तपासलं आणि १८३३ मध्ये लिहून ठेवलं. पाऱ्यावर धरलेला त्याचा लंबक हलत होता. त्याने दंडाला आधार दिला. आधार बोटांकडे सरकवत नेला तसतसा हेलकावा कमी झाला. डोळे बांधल्यावर लंबक थांबला. मनातल्या अपेक्षेने बोटांचे स्नायू नकळत हलतात आणि लांब दोरी ती बारीक हालचाल मोठी करून दाखवते. म्हणजे हातातला लंबक बोलतो, पण जमिनीबद्दल नाही, धरणाऱ्याच्या मनाबद्दल.

“मग आमच्या विहिरीला पाणी कसं लागलं?” हा प्रश्न रास्त आहे. आष्टा कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. उसाला पाणी देऊन देऊन इथली जमीन भरलेली. मुरमात आणि खडकाच्या भेगांत बहुतेक ठिकाणी पाणी मिळतं. इथे पाणाड्या चुकणंच अवघड. खरी परीक्षा जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या बाजूला. तिथे काळ्या पाषाणात पाणी फक्त फुटलेल्या, झिजलेल्या थरांत सापडतं, आणि एक बोअर फेल गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. कर्ज मात्र प्रत्येक वेळी शेतकऱ्याचंच वाढतं. साताऱ्याचे अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर म्हणत राहिले, की दावा करणाऱ्याने तो तपासू द्यावा. तपासण्याची ही मागणी कुणाच्या श्रद्धेचा अपमान नाही.

म्हणून बोअर मारण्याआधी एवढं करा. पाणाड्याने दाखवलेल्या जागेची खूण मातीखाली झाका. त्याचे डोळे बांधा, दुसऱ्या वाटेने शेतात फिरवा आणि लंबक पुन्हा त्याच जागी फिरतो का ते चार-पाच वेळा बघा. त्यानंतर शेजारच्या विहिरींची खोली आणि लागलेले थर लिहून घ्या आणि ते कागद घेऊन सांगलीच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जा. बोअरचा पैसा त्यानंतरच मोडा.