हसण्याची फिट आणि गॅमा नाइफ

आजचा विषय जरा जड आहे, पण हेडफोन काढू नका.

एखादं लहान मूल मध्येच हसतं. जोक नाही, गुदगुल्या नाहीत. काही सेकंदांत थांबतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरचे म्हणतात, 'किती हसरं बाळ!' शाळेत बाई ओरडतात. पण क्वचित ही चक्क फिट असते, जिलॅस्टिक सीझर. त्या हसण्यात आनंद नसतो.

याचं एक मुख्य कारण म्हणजे हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा. मेंदूच्या तळाशी जन्मापासून असलेली छोटी गाठ. कॅन्सर नाही, पण फिट्स औषधांना सहसा दाद देत नाहीत. काही मुलं फार लवकर वयात येतात, अभ्यासात मागे पडतात. आणि गाठीची जागा? शेजारीच डोळ्यांच्या नसा, भूक आणि शरीराचं तापमान सांभाळणारी केंद्रं. तिथे सर्जनचा हात जाणं म्हणजे मोठी जोखीम.

इथे येतं गॅमा नाइफ. नावात नाइफ, पण सुरी नाहीच. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची ही कल्पना. आजच्या मशीनमध्ये कोबाल्टचे 192 स्रोत असतात. प्रत्येक किरण एकटा कमजोर, वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही. सगळे जिथे भेटतात, फक्त तिथे डोस जबरदस्त. मी कोड लिहितो, डॉक्टर नाही, पण हे डिझाइन वाचून मी थक्क झालो.

फ्रान्समधल्या मार्सेच्या ज्याँ रेजिस यांच्या टीमने या आजारावर याचा सविस्तर अभ्यास केला. तीन वर्षांहून जास्त पाठपुरावा झालेल्या 48 पेशंटपैकी साधारण 40 टक्के फिट्समधून पूर्ण सुटले, आणखी बऱ्याच जणांच्या खूप कमी झाल्या. म्हणजे जादू नाही. काहींना दुसऱ्यांदा उपचार लागतात.

खरी परीक्षा पुढे असते. परिणाम दिसायला महिने, कधी वर्षंही लागतात. मधल्या काळात फिट्स तात्पुरत्या वाढूही शकतात. आईबाबांना वाटतं, फसलो आपण. हे डॉक्टरांनी आधीच नीट सांगायला हवं, असं मला वाटतं. थांबणं परवडत नसेल, तर लेझरने गाठ जाळण्याचा पर्यायही आहे, पण त्यासाठी कवटीला छोटं छिद्र पाडावं लागतं.

आणि हो, असं विनाकारण, एकसारखं हसणारं मूल दिसलं तर रील नका बनवू. साधा व्हिडिओ काढा, त्याच्या आईबाबांना द्या, आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला सांगा.