घरातली द्विशिक्षकी शाळा

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी माझी ओळख करून देताना "हिची तिन्ही मुलं घरीच शिकतात" असं सांगितलं गेलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. गृहपाठाची वही घरी विसरले असं म्हटलं की बाई अशाच बघायच्या. तर बाई, आज वही आणली आहे. चुकांसकट दाखवते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा थोरली तिसरीत होती आणि बाकीची दोघं पाच आणि तीन वर्षांची. पुढची दोन वर्षं सगळं घरातच चाललं. २०२२ च्या जूनमध्ये आम्ही ठरवलं की हे असंच चालू ठेवून बघू. शाळेवर राग नव्हता. मुलांबरोबर शिकायची आम्हालाच गोडी लागली होती. मी अर्धवेळ काम मागून घेतलं, यजमान घरूनच काम करतात. ही सोय प्रत्येकाला नसते, हे आधीच सांगते.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे पहिल्यांदा एक्सेल उघडलं. तीन मुलं, प्रत्येकी सहा विषय, म्हणजे रोजच्या अठरा तासिका. झालेली तासिका हिरवी, राहिलेली लाल. जूनमध्ये तक्ता हिरवागार होता. गणपतीपर्यंत निम्मा लाल झाला. मग शिकवणं बाजूला राहिलं आणि मी लाल घरं हिरवी करत सुटले. एकाला भागाकार समजावताना दुसरी हाक मारायची, तोवर तिसरी पाणी सांडायची. दुपारी ऑफिसचं काम, रात्री अकराला वह्या तपासणं. थोरली एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली आमच्याशी फक्त पान नंबर बोलतेस."

मधला तेव्हा सात वर्षांचा. पुस्तकातले धडे घडाघडा वाचायचा. दिवाळीत माझ्या आईनं त्याला जवळ घेतलं आणि अंकातली मुलांसाठीची चार ओळींची गोष्ट वाचायला सांगितली. तो गप्प. पहिला शब्दही लागेना. सगळे धडे त्यानं ताईच्या तोंडून ऐकून पाठ केले होते. माझ्या तक्त्यात मात्र 'मराठी वाचन' चार महिने हिरवं होतं. त्या रात्री स्वयंपाकघरात बसून मी रडले. एका खोलीत तीन मुलं, आणि त्यातल्या एकाला वाचता येत नाही हे मला कळलं नव्हतं.

आई एवढंच म्हणाली, "तुझ्या गुरुजींना विचार की. त्यांच्यापुढं तर चाळीस पोरं असायची."

आपल्यातले निम्मे जण वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांतून इथे पाचवीत आलो. दोन शिक्षक, चार इयत्ता. आमच्या गुरुजींकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत असायची. भाऊबीजेनंतर गावी गेले आणि त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला. त्यांनी तो रंगीत तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात पोरांना काय येतं, ते कुठंय?"

मग म्हणाले, "एका वेळी एकाच इयत्तेला शिकवायचं. दुसरीला काम द्यायचं, पण असं, की पोरगं उठून विचारायला येणार नाही. म्हणजे काल शिकवलेलं. नवं काही एकट्यावर सोडायचं नाही."

घरी आल्यावर तक्ता मोडला. भाषा आणि गणित एवढंच प्रत्येकाचं वेगळं ठेवलं. रोज प्रत्येकाबरोबर अर्धा तास, फक्त त्याच्याशेजारी बसून. तेवढ्या वेळात बाकीची दोघं कालचं काम करतात. अडलं तर त्या गणिताला गोल करून पुढे जायचं, हाक मारायची नाही. पूर्वी सकाळभर आईला हाका यायच्या, त्या बहुतेक थांबल्या.

बाकीचे विषय तिघांना एकत्र. उदाहरणार्थ, पाऊस. धाकटी सरळ बाजूंच्या डब्यात पट्टी धरून रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजते. मधला त्याचा स्तंभालेख काढतो. थोरली हिशेब करते की पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटर पाणी पडतं. मग आपण टँकर का मागवतो? विषय एकच, प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या वयाचा.

आठवडा चार दिवसांचाच आखते. पाचवा दिवस आजारपण, पाहुणे आणि गोल केलेल्या गणितांसाठी मोकळा. ऑफिसात कुठलंही काम आखताना आम्ही असा मोकळा वेळ धरतोच. घरासाठी मला ते सुचलं नव्हतं. रात्री तिघांच्या नावानं वहीत एकेक ओळ लिहिते: आज याला काय आलं. एखाद्याची ओळ सलग तीन दिवस सुचली नाही, तर चौथ्या दिवशी मी आधी त्याच्याशेजारी बसते.

मधल्याला नीट वाचायला नऊ वर्षं पुरी व्हावी लागली. आता तो अंथरुणात टॉर्च घेऊन वाचतो, आणि त्यासाठी ओरडताना मला आतून आनंद होतो.

परीक्षेचं काय, हे मघापासून चार जणांनी विचारलं. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करता येते. पाच विषय लागतात, ते एकेक करून देता येतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. थोरलीनं दोन विषय दिलेत.

आणि गेल्या महिन्यात ती म्हणाली, "दहावी झाली की मला कॉलेजात जायचंय. रोज. मला एक बाकावरची मैत्रीण हवीय."

खोटं नाही बोलत, मला लागलं ते. दोन दिवस मी तिच्याशी तुटक वागले. मग या मेळाव्यासाठी जुना फोटो शोधायला बसले. नववीचा, तिसऱ्या रांगेतला. शेजारी जी आहे, ती आज इथे समोर बसली आहे. अठ्ठावीस वर्षांनी सकाळी भेटली आणि पहिलं वाक्य काय, तर "माझी कंपासपेटी अजून तुझ्याकडेच आहे." हे मला घरात कसं देता येणार होतं?

मी थोरलीला हो म्हटलं आहे.

गुरुजींनी सांगितलेलं मी अजून शिकतेच आहे. आपल्या मुलाला काय येतं, आणि त्याला काय हवं आहे, हे कुठल्याच तक्त्यात आपोआप दिसत नाही. शेजारी बसावं लागतं. बाई, वही तपासून झाली की सही करा.