जंगलाच्या नकाशात आपली पायवाट

जंगलाचा आराखडा म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याचजणी म्हणतात, "ते साहेबांचं आणि पुरुषांचं काम." आराखडा म्हणजे तरी काय? कोणत्या भागातून काय घ्यायचं, कुठं अजिबात कुऱ्हाड लावायची नाही, गुरं कुठं चरतील, पाणी कुठं अडवायचं, पाहुणे आले तर कुठवर येतील, हे आधी बसून ठरवणं. घर बांधताना चूल कुठं हवी हे आपल्याला विचारलं नाही, तर धूर आयुष्यभर आपल्याच डोळ्यांत जातो. जंगलाचंही तसंच आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक वनहक्क मिळतो. तो मिळाला की जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा आराखडा ग्रामसभेची समिती करते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला. त्या गावाबद्दल आपण पुष्कळ ऐकलंय, म्हणून आज चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं सांगतो.

पाचगाव गोंडपिपरी तालुक्यात आहे. त्यांना २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. गावानं ठरवलं, बांबू विकायचा, पण जंगलाचा सगळ्यात चांगला ३४ हेक्टरांचा भाग तसाच राखायचा. दुसरं ठरवलं ते आणखी धाडसाचं: तेंदूपान तोडणं बंद. पान चांगलं यावं म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, त्यात बाकीचं जंगल होरपळतं. तोड थांबल्यावर टेंभरं मुबलक यायला लागली, खायलाही आणि विकायलाही.

सगळ्या गावांनी हेच करावं असं आम्ही म्हणणार नाही. कित्येक घरांत पावसाळ्याआधीचा किराणा तेंदूच्या पैशावर भरला जातो. पाचगावकडे बांबू होता म्हणून त्यांना ते झेपलं. आपल्याकडे काय आहे ते आपणच मोजायचं.

आम्ही गटांच्या बैठकीत ते अंगणात रांगोळीनं मांडून पाहिलं. आधी पुरुषांनी कागदावर काढलेला नकाशा होता. त्यात हद्द, रस्ता, सागवान, बांबू सगळं बरोबर होतं. बायांनी रांगोळी हातात घेतली आणि निराळंच जंगल उमटलं. मोहाची झाडं एकेक करून आली. मे महिन्यातही न आटणारा झरा आला. चारोळी कुठं, आवळे कुठं, वाळलेलं सरपण कुठल्या उताराला मिळतं, अस्वल कुठं दिसतं म्हणून एकटीनं जायचं नाही, हेही आलं. यातलं काहीच कागदावर नव्हतं.

मग खरा पेच निघाला. कागदावर झऱ्यापाशीच सहलीची जागा दाखवली होती: बाकं, झोपाळा, गाड्या लावायला मोकळं मैदान. पाहुणे यावेत, गटाच्या बायांनी जेवण करून द्यावं, दोन पैसे मिळावेत, यात वावगं काहीच नाही. पण उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच झऱ्यावर जनावरं येतात आणि दुपारी मोळी टेकवून आपण तिथंच टेकतो. अनोळखी माणसांच्या गाड्या उभ्या राहिल्यावर ना जनावर येणार, ना आपण मोकळेपणी बसणार. चर्चा तापली, पण सहलीची जागा रस्त्याकडच्या बोडीच्या पाळीवर न्यायची हे पटलं. गाड्या बाहेरच राहतील, स्वयंपाकाला पाणीही जवळ.

एका आजींनी विचारलं, "पाहुण्यांच्या विरंगुळ्याची जागा झाली, आमची कुठं?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. कार्तिकात आवळीखाली जेवायला आपण जातोच की! त्या आवळ्याच्या चार झाडांभोवती काही तोडायचं नाही, हे आराखड्यात लिहून घेतलं.

मोहाचंही ठरवलं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग वाऱ्यानं वणवा होते. आता पाला झाडून गोळा करायचा, किंवा झाडाखाली जुनी साडी, नाहीतर जाळी पसरायची. वेळ जास्त जातो, हे मान्य. पण रोपं वाचली तरच आपल्या नातींना मोह वेचायला मिळेल.

आराखड्याच्या ग्रामसभेसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. तेवढ्या नसतील तर कोरम पूर्ण होत नाही. घरी रजिस्टर पाठवून अंगठा घ्यायला आलं कुणी, तर द्यायचा नाही. सभेतच येतो म्हणायचं. ठराव लिहून झाला की मोठ्यानं वाचायला लावायचा आणि मगच सही.

त्याआधी शिवारफेरी करा. सकाळी लवकर निघा, प्रत्येक टोल्यातल्या दोघीतिघी तरी हव्यात, भूमिहीन घरातल्या बाया आधी, कारण जंगलावर जास्त भिस्त त्यांचीच असते. शाळेतली एखादी मुलगी वही घेऊन सोबत असू द्या. आणि ज्या आजींना चालवत नाही त्यांना बैलगाडीत बसवून न्या. कुठला झरा कधी आटला ते त्यांनाच ठाऊक असतं.