अधू कुत्र्याची गाडी



घराची राखण करणारा कुत्रा एखाद्या सकाळी मागच्या पायांवर उभाच राहत नाही, पुढच्या दोन पायांनी अंग ओढत अंगणात येतो, तेव्हा घरात दोन मते पडतात. एकजण म्हणतो, आता याचे दिवस भरले. दुसरा म्हणतो, राहू द्या कोपऱ्यात, भाकरतुकडा घालू. दोन्ही मतांत दया आहे, यात शंका नाही. पण कोपऱ्यात पडून राहिलेल्या कुत्र्याच्या कुशीला थोड्याच दिवसांत जखमा होतात, त्यांवर माशा बसतात, अळ्या पडतात, आणि मग पहिले मत आपोआप खरे ठरते. या दोहोंच्या मधली एक वाट आहे, ती म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी. तिच्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

हिला व्हीलचेअर म्हणतात खरे, पण त्या नावाने थोडी फसगत होते. माणूस चाकाच्या खुर्चीत बसतो. कुत्रा या गाडीत बसत नाही, तो उभा असतो. मागच्या अंगाचा भार चाके उचलतात आणि पुढचे पाय चालतात. एवढा फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे सोपे जाते.

मी पशुवैद्य नव्हे, तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. तेव्हा माझा पहिला प्रश्न कारणाचा. पाय का गेले? मात्र त्याच्याही आधी एक सावधगिरी सांगतो. पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतोच असे नाही. या रोगाचा एक मुका प्रकार आहे. त्यात पाय लुळे पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. अशी लक्षणे दिसली तर कुत्र्याला हात लावू नये, पशुवैद्याला बोलवावे. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

ही शंका फिटली की मग इतर कारणे पाहायची. रस्त्यावर मोटारीचा धक्का लागून कणा मोडतो. लांब पाठीच्या जातींत मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. अल्सेशियन जातीत उतारवयात मज्जारज्जूच हळूहळू झिजतो. त्यात वेदना नसते, पण उपायही सापडलेला नाही. त्याच्याशी संबंध असलेला जनुकातला दोष २००९ साली ध्यानात आला. आणि पुष्कळ म्हाताऱ्या कुत्र्यांचे पाय गेलेले नसतात, फक्त सांधे दुखत असतात. अशा कुत्र्याला आधी दुखण्यावर औषध हवे, गाडी नव्हे. पण माणसांच्या गोळ्या त्याला देऊ नयेत, त्या विषारी ठरू शकतात.

पाय एकाएकी गेले असतील तर वाट पाहू नका. कुत्र्याला फळीवर सरळ निजवून, कणा न वाकवता, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सुरुवातीचे एकदोन दिवस फार मोलाचे असतात. पशुवैद्य पंजाला चिमटा घेऊन पाहतो. तिथे एक गोष्ट समजून घ्यावी. पाय आखडला म्हणजे जाणीव आहेच असे नव्हे. कुत्रा मान वळवून पाहतो, केकाटतो, तेव्हा दुखणे मेंदूपर्यंत पोचले असे समजायचे. ती खूण असेल तर पाय परत येण्याची आशा बरीच. अवघड दुखण्यासाठी परळचे १८८६ साली निघालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तसेच नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथेही महाविद्यालये आहेत.

आता गाडी कुणाला? ज्याचे पुढचे पाय आणि खांदे मजबूत आहेत, ज्याला खाण्याची, फिरण्याची हौस उरली आहे, त्याला दोन चाकांची. पुढचे पायही डळमळत असतील तर चार चाकांची. झिजेचा रोग असेल तर तो पुढे सरकतो, म्हणून नंतर पुढची चाके जोडता येतील अशीच गाडी आधीपासून घ्यावी. मोडलेला कणा जुळेपर्यंत मात्र गाडीची घाई नको, त्याचा दिवस पशुवैद्याने ठरवायचा.

मापे घेताना दोन माणसे लागतात. कडक, सपाट जमिनीवर पोटाखाली पंचा घालून कुत्र्याला उभे धरावे. पाठ सरळ हवी, पंजे नेहमीसारखे टेकलेले हवेत. निजलेल्या कुत्र्याचे माप उपयोगी नाही. पहिले माप उंचीचे: मांडी पोटाला मिळते तिथल्या कातडीच्या घडीपासून जमिनीपर्यंत. दुसरे, ढुंगणाची सर्वांत जास्त रुंदी. तिसरे, पुढच्या पायांच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. चौथे, छातीचा घेर. वजनासाठी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्ही वेळा सारखे आले नाही तर तिसऱ्यांदा घ्या.

गाडी तयार मिळते. ती घेताना उंची, लांबी, रुंदी कमीजास्त करता येते की नाही, हे आधी पाहावे, कारण न वापरलेल्या मांड्या दिवसेंदिवस बारीक होत जातात. घरीही करता येते. पीव्हीसी पाइप, त्याचे सांधे आणि लहान मुलांच्या सायकलीची किंवा बाबागाडीची चाके पुरतात. जमीन जितकी खडबडीत, तितके चाक मोठे. दोन चाकांमधले अंतर ढुंगणापेक्षा थोडे जास्त असावे, नाहीतर वळताना गाडी कलंडेल. आणि एक गोष्ट विसरू नका. गाडी अंगाला नीट बसल्याची खात्री होईपर्यंत सांधे चिकटवू नका.

आता खरे मर्म तोलात आहे, आणि ते शेतकऱ्याला मी सांगावे असे नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो आणि खांदे सुजतात. इथेही तसेच आहे. कुत्र्याला जुंपल्यावर खांद्यापाशी गाडीची दांडी एका बोटाने उचलून पाहा. जड लागली तर चाके थोडी पुढे घ्या. दांडी आपण होऊन वर जाऊ लागली आणि पोटाखालचा पट्टा ताणला, तर चाके मागे घ्या. खांद्यावर भार अगदी थोडा राहिला पाहिजे.

आमच्या आळीत एका शिंप्याने मोटारीखाली सापडलेल्या आपल्या कुत्र्यासाठी अशी गाडी केली. खोगीर जुन्या गोधडीचे, शिवण पाहत राहावे अशी. पण कुत्रा जागचा हलेना. शेजारी म्हणाले, जनावर हट्टी आहे. नीट पाहिले तेव्हा कळले, मागची बाजू दोन बोटे उंच झाली होती आणि सारा भार पुढच्या पायांवर येत होता. पाइप तेवढा कापला, पाठ सरळ झाली, आणि कुत्रा त्याच संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेला. जनावराला बोलता येत नाही. तेव्हा ते चालत नसेल तर दोष आधी गाडीत शोधावा.

खोगीर मऊ असावे, जांघेत काचू नये. लघवीची आणि शौचाची जागा मोकळी हवी. पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. मागचे पाय थोडे तरी हलत असतील तर पंजे जमिनीला अलगद टेकू द्यावेत, त्याने पायांना व्यायाम होतो. अगदीच लुळे असतील तर झोळीत वर बांधावेत, नाहीतर बोटे घासून रक्त येते.

पहिल्या दिवशी पाचदहा मिनिटे पुरेत. समोर भाकरीचा तुकडा धरा, मागून ढकलू नका. मग रोज थोडा थोडा वेळ वाढवा. गाडी सोडली की मांड्या, छाती, काखा तपासा. कुठे लाल दिसले तर तिथे पट्टा सैल करा किंवा कापड घाला. गाडीत कुत्र्याला निजता येत नाही, म्हणून त्याला जुंपून शेतावर निघून जाऊ नये. एखाद्या खळग्यात चाक अडकले, किंवा दुसरी कुत्री अंगावर आली, तर त्याला पळता येत नाही.

आणि गाडी आली म्हणजे सेवा संपली असे नव्हे. रात्री जाड अंथरूण हवे, दर चार तासांनी कूस बदलायला हवी. लघवी थेंब थेंब गळते म्हणून पिशवी रिकामी आहे असे समजू नका. पुष्कळदा ती भरून ओसंडत असते. हाताने दाबून ती दिवसातून तीनचार वेळा रिकामी कशी करायची, हे पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. एवढे करायला घरात माणूस आहे का, हा प्रश्न गाडी घेण्यापूर्वीच विचारावा. आणि खाणे सुटले, वेदना हटेना, तर कुत्र्याचे हाल लांबवू नयेत. तो निर्णयही पशुवैद्याशी बोलूनच घ्यावा.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. माप, तोल, भार हे शब्द मुले फळ्यावर वाचतात. गावात असा एखादा कुत्रा असेल तर त्याची गाडी शाळेत करून पाहा. कुत्र्याची मापे मोठ्या माणसांनी घ्यावीत, कारण दुखावलेले ओळखीचे जनावरही चावते. पाइप मोजणे, कापणे, तोल पाहणे मुलांना द्यावे. गाडी जमली, तर गावात कुणाचा कुत्रा पुढे कधी असा बसला, तेव्हा काय करायचे हे ती मुलेच मोठ्यांना सांगतील.