टपालहशील माफ!

पूर्वी मराठी पुस्तकांच्या जाहिरातीखाली ‘टपालहशील निराळे’ असे छापीत, आणि आम्हांला ते मुळीच खटकत नसे. आता ते निराळे दिसले, की आम्ही वस्तूच सोडून देतो. २००५ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने वर्षाला ७९ डॉलर वर्गणी घेऊन माल दोन दिवसांत फुकट पोचविण्याची योजना काढली. (वर्गणी घेऊन फुकट, हेही नवलच!) पुढे २०१९ साली हस्तकलेच्या वस्तूंची पेठ जी एट्सी, तिने ३५ डॉलरांच्या खरेदीवर हशील माफ करणाऱ्या दुकानांना अमेरिकेतील गिऱ्हाइकांपुढे अग्रस्थान दिले. कर्णफुले विकणाऱ्यास हे झेपते. मातीचे भांडे घडविणाऱ्याने काय करावे? भांडे जड, किंमत बेताची, खोक्याचा खर्च वेगळाच. तो हशील किमतीत मिसळतो. मग आम्हीच म्हणतो, भांडे महाग! शिवाय जवळचे गिऱ्हाईक लांबच्याचे हशील भरते, ते त्याला कळतही नाही.

फ्रान्सने गल्लीतल्या पुस्तकविक्रेत्यांसाठी कायद्याचा उपाय केला. २०१४ साली पुस्तके फुकट घरपोच देण्यास बंदी झाली, तेव्हा अ‍ॅमेझॉनने हशील ठेवले एक सेंट! अखेर ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालील नव्या पुस्तकांच्या मागणीवर किमान ३ युरो हशील सक्तीचे झाले.